जुना ट्रक-टेम्पो भाराला गचके खातो? पंप खोलण्याआधी इंधनाचा मार्ग असा तपासा

शेतात पीक चांगले आले, तोडणी वेळेवर झाली, क्रेट भरले. पण बाजाराच्या वाटेवर चढ लागताच गाडीने दम टाकला, तर त्या दिवसाचा भाव हातचा जातो. टोमॅटो, पालेभाजी, फुले, आंबा अशा नाशवंत मालाला चार-पाच तासांचा उशीरही महागात पडतो. अनेक शेतकऱ्यांकडे किंवा गावातील वाहतूकदारांकडे आजही पंधरा-वीस वर्षे वापरलेले डिझेल टेम्पो आणि ट्रक आहेत. या गाड्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. ‘रिकामी गाडी छान पळते, पण भरली की पिकअप घेत नाही, अॅक्सिलरेटर दाबला की आधी बसते, गचके खाते आणि मग उचलते.’

अशा वेळी बहुतेक जण ‘पंप गेला’ असे समजून डिझेल पंप आणि नोझल खोलायला देतात. हे काम खर्चाचे आहे, शिवाय गाडी काही दिवस उभी राहते. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष पंपाच्या आधीच्या भागात असतो. चिरलेली रबरी नळी, तुंबलेला फिल्टर, टाकीतील गाळ किंवा झाकणाचे बुजलेले छिद्र अशी ही कारणे असतात. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करावी आणि पंपापर्यंत क्रमाने यावे. हा क्रम कसा पाळायचा, ते या लेखात पाहू.

हा लेख यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. उदाहरणार्थ, १९८६ मध्ये बाजारात आलेली टाटा ४०७ आणि तिच्या पिढीतील इतर टेम्पो-ट्रक. जुन्या ट्रॅक्टरची इंधन यंत्रणाही बरीचशी अशीच असते, त्यामुळे हीच पद्धत तिथेही उपयोगी पडते. मात्र १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या आणि त्याआधीच्या कॉमन रेल गाड्यांमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या पुढे जातो. त्या गाड्यांचे दाबाचे पाइप स्वतः कधीही सैल करू नयेत.

इंधनाचा मार्ग म्हणजे ठिबकचा संच

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला ही यंत्रणा समजायला वेळ लागत नाही. डिझेल टाकी म्हणजे विहीर. टाकीतील ओढनळी आणि तिच्या टोकाची जाळी म्हणजे फूटव्हॉल्व्ह. इंजिनाच्या बाजूला बसवलेला छोटा फीड पंप डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरमधून गाळलेले डिझेल मुख्य पंपाकडे जाते. मुख्य पंप ते मोजून, मोठ्या दाबाने, ठरलेल्या क्षणी प्रत्येक नोझलला पाठवतो. नोझल म्हणजे ड्रिपर. जास्तीचे डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून आणि बॅक पाइपने परत टाकीत येते.

दोन्हींत दोन मोठे फरक आहेत. पहिला दाबाचा. ठिबकची लॅटरल साधारण १ किलो दाबावर चालते. फीड पंपाचा दाबही साधारण १ ते दीड बार असतो; पण जुन्या थेट इंजेक्शनच्या इंजिनात नोझल उघडण्यासाठी साधारण २०० बार किंवा त्याहून अधिक दाब लागतो. दुसरा फरक स्वच्छतेचा. ठिबकचा १२० मेशचा फिल्टर साधारण १३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडवतो आणि तेवढ्यावर ड्रिपरचे भागते. मुख्य पंपातील प्लंजर आणि बॅरल यांच्यातील फट मात्र अवघ्या काही मायक्रॉनची असते. म्हणूनच डोळ्याला न दिसणारी धूळही इथे ओरखडे पाडते.

विहिरीवरच्या मोटारीची आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. मोटारीच्या ओढीच्या पाइपला बारीक चीर असेल तर तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत शिरते आणि मोटार पाणी सोडते. गाडीतही टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा आहे. या भागात चीर असेल तर खाली डिझेलचा थेंबही दिसणार नाही, पण गाडी हवा धरेल. फीड पंपाच्या पुढचा भाग दाबाचा आहे, तिथली गळती ओल्या डागाने लगेच दिसते. ‘कुठे गळत नाही, म्हणजे पाइप चांगले आहेत’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

रिकामी पळते, भरली की अडते, असे का?

इंजिनाला उभ्या गाडीत फार थोडे डिझेल लागते. साधारण ६८ अश्वशक्तीचे, म्हणजे ५० किलोवॅटचे इंजिन घ्या. पूर्ण भाराला प्रति किलोवॅट-तास साधारण २४० ग्रॅम डिझेल धरले, तर तासाला १२ किलो, म्हणजे सुमारे साडेचौदा लिटर डिझेल लागते. तेच इंजिन स्लोवर उभे असताना तासाला लिटरभराच्या आसपास पुरते. म्हणजे भाराची गरज पंधरापट होते. अर्धा तुंबलेला फिल्टर एक लिटर सहज देतो, चौदा लिटर देऊ शकत नाही. त्यामुळे गॅरेजसमोर रेस मारून पाहिली तर गाडी ठीक वाटते आणि देवगड-रत्नागिरीचा आंबा भरून आंबा घाट चढू लागली की दम तोडते. तपासणीनंतरची चाचणीही म्हणूनच भार टाकून, चढावर घ्यावी.

आधी लक्षणे लिहून काढा

पाना हातात घेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. पिकावरच्या रोगाचे निदान करताना लक्षण पानाच्या कोणत्या भागावर, कोणत्या अवस्थेत आले हे विचारावे लागते, तसेच हे आहे.

१. त्रास कधी होतो? सकाळी पहिल्या स्टार्टला बराच वेळ सेल मारावा लागतो आणि एकदा चालू झाल्यावर गाडी ठीक चालते, तर रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरत आहे. ओढीच्या बाजूला हवा शिरते किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह धरत नाहीत, असे समजावे.

२. किती वेळाने होतो? दहा-पंधरा मिनिटे नीट चालून गाडी बसते, थोडे थांबले की पुन्हा चालते, असे असेल तर दोन शक्यता असतात. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे, किंवा टाकीतील कचरा ओढनळीच्या तोंडाला जाऊन चिकटतो. इंजिन बंद केले की ओढ थांबते, कचरा खाली पडतो आणि वाट मोकळी होते.

३. टाकीत डिझेल किती असताना होतो? टाकी पाव भागाच्या खाली गेल्यावरच त्रास सुरू होत असेल, तर टाकीच्या आतली ओढनळी वर कुठेतरी चिरलेली किंवा गंजलेली असू शकते. टाकी भरलेली असताना ती चीर डिझेलमध्ये बुडते, त्यामुळे दोष झाकला जातो.

४. गचका कसा आहे? एका ठरावीक लयीत ‘फट्-फट्’ असे मिसिंग असेल, तर एखाद्या सिलिंडरचा किंवा नोझलचा दोष असतो. लय नसलेले, कधी कमी कधी जास्त असे गचके असतील, तर हवा किंवा अपुरा पुरवठा हे कारण शोधावे.

धूर काय सांगतो?

भाराला चढावर गाडी चालवताना मागे दुसऱ्या व्यक्तीला धूर पाहायला सांगा.

- दम नाही आणि धूरही नाही: इंजिनाला डिझेलच कमी मिळते आहे. फिल्टर, हवा, फीड पंप, टाकी असा शोध घ्यावा. अॅक्सिलरेटर केबलही पाहावी.
- दम नाही आणि काळा धूर: डिझेल येते आहे, पण ते पुरते जळत नाही. एअर क्लीनर तुंबलेला, टर्बोची नळी फाटलेली, नोझल थेंब सोडणारे किंवा भार अवाजवी.
- पांढरा धूर: न जळलेले डिझेल. थंड इंजिनात थोडा वेळ चालतो. इंजिन तापल्यावरही राहिला तर टायमिंग, नोझल, डिझेलमधील पाणी पाहावे. रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा.
- निळसर धूर: इंजिन ऑइल जळते आहे. इंधनाच्या मार्गात याचे उत्तर मिळणार नाही.

या चार ओळींपैकी पहिली सर्वांत महत्त्वाची आहे. धूर नसताना नोझल बदलून फारसा उपयोग होत नाही, कारण नोझलपर्यंत पुरेसे डिझेल पोचतच नसते.

पहिला टप्पा: खर्च नसलेल्या तपासण्या

टाकीचे झाकण. गाडी बसू लागली की सुरक्षित जागी थांबून झाकण उघडा. ‘स्स्’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर छिद्र बुजले आहे. झाकण धुऊन छिद्र मोकळे करावे. मूळ झाकण हरवल्यावर पिशवी आणि दोरी बांधून काम भागवलेल्या गाड्या दिसतात. तिथे एक तर हवेची वाट बंद होते, नाही तर पावसाचे पाणी आत जाते. दोन्ही घातकच.

बाटलीतील नमुना. टाकीच्या तळाच्या बोल्टमधून स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढा आणि ते रात्रभर स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे. शेवाळासारखा काळसर, चिकट थर दिसला तर तो सूक्ष्मजीवांचा आहे. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी इंधनात वाढण्यासाठीच ओळखली जाते. तिला वाढायला पाणी लागते, त्यामुळे पाणी काढणे हाच तिच्यावरचा मुख्य उपाय आहे. असा थर असेल तर फक्त फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

अॅक्सिलरेटर आणि स्टॉप केबल. एकाने पॅडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने पंपावरचा दांडा शेवटच्या बोल्टला टेकतो का ते पाहावे. केबल ताणली गेली असेल किंवा पॅडलखाली जाड मॅट असेल तर पूर्ण रेस मिळतच नाही. स्टॉपची केबल अडकून अर्धवट ओढलेली राहिली, तरी गाडीचा दम जातो.

एअर क्लीनर. कारखान्याच्या हंगामात ऊस वाहतुकीच्या कच्च्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. कागदी असेल तर प्रकाशासमोर धरून पाहावा, तेलाचा असेल तर तेलाची पातळी आणि तळाचा चिखल पाहावा. एअर क्लीनर काढून गाडी कधीही चालवू नये. आत गेलेली धूळ पिस्टन-रिंग खाते.

दुसरा टप्पा: ओढीच्या बाजूला हवा शिरते का?

फीड पंपाच्या आधी, शक्य तितक्या जवळ, हातभर पारदर्शक नळी क्लिप लावून तात्पुरती जोडा. इंजिन चालू करून रेस वाढवा. नळीतून बुडबुड्यांची माळ सतत जात असेल तर टाकी ते इथपर्यंत हवा शिरते आहे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे धरू नयेत. चाचणी झाल्यावर ही नळी काढून डिझेलसाठीचीच नळी बसवावी. ठिबकच्या किंवा बागेच्या नळीचा तुकडा कायमचा ठेवू नये, डिझेलने तो मऊ होतो, फुगतो आणि सटकतो.

यापुढची चाचणी अधिक स्पष्ट उत्तर देते. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा फीड पंपापेक्षा थोडा उंच, पण गरम सायलेन्सरपासून आणि फिरत्या पट्ट्यांपासून दूर, पक्का बांधा. टाकीकडून येणारी नळी काढून या डब्यातली नळी फीड पंपाला जोडा, बॅक पाइपही डब्यात सोडा. आता इंजिन चालवा. दोष गेला तर तो टाकी, ओढनळी, जाळी किंवा नळीत आहे. दोष तसाच राहिला तर तो फीड पंपात किंवा त्याच्या पुढे आहे. या एका चाचणीने निम्मी यंत्रणा संशयातून सुटते.

ओढीच्या बाजूला दोष निघाला तर सगळ्या जुन्या रबरी नळ्या एकदम बदलाव्यात. एक बदलून बाकीच्या ठेवल्या तर पुढच्या महिन्यात तेच काम पुन्हा निघते. बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे टाकावेत. ठिबकच्या सवयीने आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, तिचे धागे तुटून पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

तिसरा टप्पा: फीड पंप आणि फिल्टर

फीड पंपाच्या तोंडाशी अनेक गाड्यांत बारीक जाळी असते. ती वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. आधी ती धुवावी. मग फीड पंपाची फिल्टरकडे जाणारी नळी काढून तिचे तोंड बाटलीत धरा आणि सेल मारा. डिझेल जोरदार झटक्यांनी आले पाहिजे. बारीक धार किंवा फेसाळ डिझेल आले तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, स्प्रिंग किंवा प्लंजर झिजला आहे. हाताने डिझेल चढवायचा प्रायमर वापरानंतर पूर्ण आवळलेला आहे ना, हेही पाहावे. तो सैल राहिला तरी हवा शिरते.

याच वेळी इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल न भरताही पातळी वाढली असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाच्या किंवा मुख्य पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. पातळ झालेले ऑइल बेअरिंग जाळते. अशी गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर काढू नये.

जुन्या गाड्यांत बहुधा दोन फिल्टर असतात. पहिला कापडी आणि दुसरा कागदी. नेमका किती किलोमीटरला बदलायचा, ते गाडीच्या पुस्तकात पाहावे. धुळीच्या रस्त्यावर आणि डिझेल पिंपातून भरत असाल तर त्याआधीच बदलावा. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नये. धुताना बाहेरची घाण आतल्या, म्हणजे पंपाकडच्या बाजूला जाते. फिल्टर स्वस्त आहे आणि पंपाचे एलिमेंट महाग, हा हिशेब लक्षात ठेवावा.

फिल्टर बदलला की एअर काढावी लागते. तिचा क्रम असा:

१. टाकीत पुरेसे डिझेल असावे. फिल्टर बसवताना बूड आणि रबरी रिंग स्वच्छ पुसावी.
२. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करा आणि प्रायमर चालवा. फेस बंद होऊन सलग डिझेल आले की प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळा.
३. मुख्य पंपावरच्या एअर स्क्रूला तेच करा.
४. प्रायमर जड लागेपर्यंत चालवा आणि पक्का आवळा.
५. तरीही स्टार्ट होत नसेल तर दोन नोझलचे नट अर्धा फेरा सैल करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारा. डिझेल उडू लागले की नट आवळा. सेल एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे.

एअर काढल्यावर गाडी दोन-तीन दिवस छान चालली आणि मग पुन्हा तोच त्रास झाला, तर एअर काढणे हा उपाय नाही. हवा शिरण्याची जागा अजून तशीच आहे, असा त्याचा अर्थ.

चौथा टप्पा: ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह आणि नोझल

ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह पंपात थोडा दाब टिकवून ठेवतो. त्यातली स्प्रिंग तुटली किंवा कचऱ्याने व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर डिझेल थेट परत जाते आणि भाराला पंप उपाशी राहतो. बाहेरून तो साध्या बोल्टसारखा दिसतो, त्यामुळे दुरुस्तीत कधी कधी त्याच्या जागी साधा पोकळ बोल्ट बसवला जातो. असा बदल झाला आहे का, ते पाहावे.

लयीत मिसिंग असेल तर दोषी सिलिंडर शोधावा. इंजिन स्लोवर ठेवून एका नोझलचा पाइप-नट किंचित सैल करा. आवाज बदलून इंजिन आणखी बसले, तर ते सिलिंडर काम करत होते. नट आवळा आणि पुढच्याकडे जा. ज्या नटाने काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. त्याचे नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागेवरच राहिला तर पंपाचे ते एलिमेंट, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन तपासावे. नोझल पुन्हा बसवताना तळाचा जुना वायसर आत राहिलेला नाही याची खात्री करावी.

इथे जीव धोक्यात येतो

सुमारे २०० बारच्या दाबाने उडालेले डिझेल कातडीतून आत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही. पण आतली पेशी मरू लागते. नोझलच्या तोंडासमोर किंवा गळक्या पाइपवर बोट धरून ‘धार तपासणे’ हा प्रकार करूच नये. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. डोळ्यांवर चष्मा असावा आणि नट सैल करताना त्यावर फडके टाकावे. असे डिझेल कातडीत गेले तर मलम लावून वाट न पाहता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. त्या हातावर तास-दोन तासांचा उशीरही भारी पडतो.

दुसरा धोका घाटाचा. गचके खाणारी गाडी चढावर फक्त थांबते, उतारावर मात्र बंद पडली तर गोष्ट गंभीर होते. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप किंवा एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद पडले की साठ्यावर ब्रेक मोजक्याच वेळा धड लागतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणून नाशिककडून कसारा घाट किंवा जुन्नरकडून माळशेज घाट उतरायचा असेल, तर संशयास्पद गाडी माल भरून काढू नये. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणे तर कोणत्याच गाडीत करू नये.

पंपाचा नंबर शेवटी

वरचे चारही टप्पे झाले, तरी दोष गेला नाही, तर पंप कॅलिब्रेशनला द्यावा. महाराष्ट्रात अजूनही बरेच मेस्त्री त्याला ‘मायको पंप’ म्हणतात. १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे हे नाव. २००८ पासून तीच कंपनी बॉश लिमिटेड म्हणून ओळखली जाते. पंपावर धातूची पट्टी असते. तिच्यावरचा नंबर महत्त्वाचा, कारण टेस्ट बेंचवर किती फेऱ्यांना किती डिझेल सोडायचे ते त्या नंबरवरूनच ठरते. पट्टीचा फोटो काढून ठेवा. काम देताना तीन गोष्टी विचारा: जुने काढलेले भाग परत मिळतील का, कॅलिब्रेशनचे आकडे लिहून मिळतील का आणि टायमिंग कोण जुळवणार? ‘जरा डिझेल वाढवून द्या’ असे मात्र सांगू नका. जास्त डिझेल म्हणजे जास्त काळा धूर, जास्त उष्णता आणि कमी अॅव्हरेज. मूळ दोष हवेचा किंवा फिल्टरचा असेल तर तो तसाच राहतो.

हंगामाआधीचे वेळापत्रक

- पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी शक्यतो भरून ठेवावी. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने वाफेचे पाणी धरते.
- दर पंधरवड्याला, सकाळी गाडी हलवण्याआधी, टाकीच्या आणि फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे.
- पिंपात साठवलेले डिझेल एक-दोन दिवस स्थिर ठेवून वरचे काढावे. नळी तळाला टेकू देऊ नये. फवारणीची किंवा औषधाची भांडी डिझेलसाठी वापरू नयेत.
- रॉकेलची भेसळ किंवा रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ नावाने स्वस्तात मिळणारे द्रव टाळावे. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते, पातळ इंधनाने ते भाग झिजतात. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासून दाखवायला सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे.
- गाडीत कायम ठेवावे: एक कागदी फिल्टर, मीटरभर डिझेलची नळी, चार क्लिप, तांब्याचे वायसर, योग्य मापाचे पाने आणि काचेची बाटली.

तोडणीच्या किमान आठवडाभर आधी गाडीवर पोती भरून जवळच्या चढावर एक फेरी मारा. धूर पाहा, पारदर्शक नळी लावून बुडबुडे पाहा आणि जे आढळेल ते तारखेसह वहीत लिहा. आधी झाकण, मग नळी, मग फिल्टर, मग फीड पंप आणि शेवटी मुख्य पंप हा क्रम सोडू नका. मेस्त्रीकडे जातानाही ही वही सोबत न्या. ‘गाडी ओढत नाही’ एवढे सांगण्यापेक्षा ‘पाव टाकीखाली गेली की चढावर बसते, धूर नाही, डबा लावल्यावर ठीक चालते’ असे सांगितले, तर मेस्त्री थेट टाकीतल्या नळीलाच हात घालेल आणि न बिघडलेल्या पंपाचे बिल तुमच्या खिशातून जाणार नाही.